पोरस जिंकला होता का? झेलमची लढाई नदीच्या बाजूने पाहिली तर

प्रश्न असा आहे: "झेलमच्या लढाईत पोरसनेच सिकंदराला हरवलं आणि म्हणून तो परत गेला, असं हल्ली सगळीकडे वाचायला मिळतं. ग्रीकांनी ते दडवलं म्हणतात. यात तथ्य किती? आणि पोरस हरला असेल तर तो हत्तींमुळे हरला, हे तरी खरं का?"

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. पोरस हरला. हत्तींनी त्याचं नुकसान केलं, पण तो हरण्याचं मूळ कारण हत्ती नव्हेत. लढाईच्या आदल्या रात्री शत्रू नदी ओलांडून आला आणि ते पोरसला वेळेत कळलं नाही, तिथेच अर्धा निकाल लागला होता. सिकंदर पुढे बियासवरून मागे वळला हे खरंच आहे. पण त्याचा झेलमच्या निकालाशी जो सरळ संबंध लावला जातो, तो नकाशा समोर ठेवला की टिकत नाही.

मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातला. नोकरीतली बरीच वर्षं नद्यांवर पूल टाकण्यात आणि पूल नसेल तेव्हा फौज पलीकडे कशी न्यायची हे शिकवण्यात गेली. त्यामुळे सिकंदराच्या मोहिमा वाचताना लोक जिथे फॅलँक्स (लांब भाल्यांच्या पायदळाचा दाट व्यूह) आणि घोडदळ बघतात, तिथे माझी नजर आधी पाण्याकडे जाते. पात्र किती रुंद, तळ वाळूचा की चिखलाचा, होड्या कुठून आल्या, पैलतीरावर कोण उभा आहे. ही नजर एकांगी आहे, कबूल. पण या माणसाच्या बाबतीत ती फार उपयोगी पडते, कारण युरोपातल्या डॅन्यूबपासून पंजाबातल्या बियासपर्यंत त्याची सगळी कारकीर्द नद्या ओलांडण्यात गेली आहे.

झेलमकडे जाण्याआधी मागच्या नद्या बघू, म्हणजे पोरससमोर कोण उभा होता ते लक्षात येईल.

इ.स.पू. ३३५. सिकंदर राज्यावर येऊन जेमतेम वर्ष झालेलं, वय वीसच्या आसपास. डॅन्यूबच्या पलीकडे गेटी लोकांचं दहा हजारांहून अधिक पायदळ आणि चार हजार घोडेस्वार उभे. याच्याकडे पुरेशा होड्या नाहीत. त्याने तंबूंची कातडी काढून त्यात गवत भरून शिवून घेतलं, काठावरच्या मच्छीमारांच्या ओंडके कोरून केलेल्या डोण्या गोळा केल्या, आणि एका रात्रीत दीड हजार स्वार व चार हजार पायदळ पलीकडे उतरवलं. उतरण्याची जागा निवडली ती उंच वाढलेल्या धान्याच्या शेताशेजारी, म्हणजे पहाटेपर्यंत माणसं दिसणार नाहीत. सकाळी गेटींनी पाहिलं तर शत्रू त्यांच्याच काठावर. त्यांनी गाव सोडलं.

इ.स.पू. ३३४ मध्ये ग्रॅनिकस, म्हणजे पैलतीरावरच्या शत्रूच्या तोंडावर चढाई. ३३१ मध्ये थाप्सॅकसला युफ्रेटिसवर पूल टाकताना समोर पर्शियन सरदार मॅझेअस स्वार घेऊन उभा होता. तेव्हा पूल पैलतीराला भिडवलाच नाही, अलीकडेच अर्धवट ठेवला. सिकंदर स्वतः येतोय हे कळताच मॅझेअस निघून गेला आणि मग उरलेला पूल पुरा केला. त्याच वर्षी पुढे तैग्रिस, आणि मग गौगामेलाची लढाई. ३२९ मध्ये ऑक्सस, आजची अमूदर्या. तिथलं वर्णन कोणत्याही अभियंत्याने वाचावं असं आहे. पात्राच्या मानाने खोली जास्त, प्रवाह जोराचा, तळ निव्वळ वाळूचा, त्यामुळे ठोकलेल्या मेखा टिकेनात. आसपास लाकूड नाही, आणि होड्या पळून जाणाऱ्या पर्शियन सरदार बेससने जाळून टाकलेल्या. पुन्हा तंबूंची कातडी, त्यात सुका पाचोळा, शिवण अशी घट्ट की पाणी आत शिरणार नाही. पाच दिवसांत अख्खी फौज पलीकडे. त्याच मोसमात जॅक्सार्टिसवर, आजच्या सिरदर्यावर, समोर शक स्वार उभे होते. तिथे त्याने काठावर दगड-बाण फेकणारी यंत्रं लावली. एका स्वाराची ढाल आणि चिलखत भेदून बाण आरपार गेला, बाकीचे बिचकून मागे सरले, आणि तेवढ्या वेळात पहिली तुकडी पाण्यात शिरली. ऐलतीरावरून मारा करून पैलतीर मोकळा करायचा आणि मग उतरायचं हे आजही आम्ही असंच शिकवतो, फक्त यंत्रं बदलली.

म्हणजे इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठावर जो येऊन थांबला, त्याने नदी ओलांडण्याचा जवळजवळ प्रत्येक प्रकार करून पाहिलेला होता. पोरसची फौज शूर होती, पण समोरच्या माणसाची ही बाजू त्याला कळलेली दिसत नाही.

सिंधू ओलांडायला पूल तयार होता. हेफेस्टियन आणि पर्डिकस आधी पुढे जाऊन बांधून बसले होते. तक्षशिलेचा आंभी शरण आलेला, त्याचे पाच हजार सैनिक सोबत घेतले. आता झेलमला होड्या हव्यात. तिथे त्या बांधत बसायला वेळ नाही. तेव्हा कोएनस नावाच्या सेनापतीला मागे पाठवलं आणि सिंधूवरच्या होड्या सुट्या करून गाड्यांवर घालून आणायला सांगितल्या. लहान होड्यांचे दोन भाग, तीस वल्ह्यांच्या मोठ्या होड्यांचे तीन. झेलमवर पोहोचल्यावर पुन्हा जोडल्या. माझ्या मते या अख्ख्या मोहिमेतलं सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे. आपण पुलाचे भाग ट्रकवर घालून नेतो, जागेवर जोडतो. तेच काम, बैलगाड्यांवर.

पोरस समोरच्या काठावर सगळी फौज घेऊन उभा होता. सिकंदराचा ग्रीक चरित्रकार एरियन त्याच्याकडे चार हजार घोडेस्वार, तीनशे रथ, दोनशे हत्ती आणि तीस हजार पायदळ देतो. दुसरा जुना इतिहासकार डायोडोरस, त्याचे आकडे वेगळे आहेत: पन्नास हजार पायदळ, हजाराहून जास्त रथ, एकशे तीस हत्ती. प्लुटार्क पायदळ वीस हजारांवर आणतो. आकड्यांवर भांडण्यात अर्थ नाही. फौज मोठी होती, आणि हत्ती घोडदळाला अडवायला पुरेसे होते, एवढं घेऊन पुढे जाऊ.

हत्तींचं खरं काम इथे होतं, काठावर. घोडा हत्तीच्या वासाने आणि आवाजाने बिथरतो. एरियन स्पष्ट लिहितो की थेट समोरून उतरायचं म्हटलं तर पैलतीरावरचे हत्ती दिसताच घोडे तराफ्यांवर थांबणारच नाहीत, पाण्यात उड्या टाकतील. म्हणजे पोरसने जागा बरोबर निवडली होती. मुख्य उतारावर हत्ती उभे असेपर्यंत सिकंदराचं घोडदळ, म्हणजे त्याचं सगळ्यात धारदार शस्त्र, पाण्याच्या अलीकडेच अडकलेलं. बाकीच्या उतारांवरही पोरसने चौक्या बसवल्या होत्या. वर नदी फुगलेली. डोंगरातला बर्फ वितळून आलेलं पाणी आणि पावसाचं पाणी.

मग सुरू झाली दमवण्याची मोहीम. सिकंदराने छावणीत मुद्दाम धान्याचे ढीग आणून टाकले आणि पाणी ओसरेपर्यंत आपण इथेच बसणार अशी आवई उठवली. दुसरीकडे रोज रात्री घोडदळ काठाकाठाने इकडेतिकडे पळवायचं, रणगर्जना करायच्या, उतरण्याच्या तयारीचा गोंगाट करायचा. पोरस प्रत्येक वेळी आवाजाच्या दिशेने हत्ती घेऊन समांतर जायचा. काही रात्री असं झालं आणि मग त्याने जाणं सोडलं. छावणीतच राहून काठावर पहारेकरी ठेवले.

इथे पोरसला मूर्ख ठरवणारे बरेच भेटतात. मी नाही ठरवत. ज्याला नदीचा लांबलचक काठ सांभाळायचा आहे त्याची हीच अडचण असते. प्रत्येक हुलकावणीला धावलात तर फौज दमते, हत्तींची वैरण-पाणी बिघडतं, आणि दिवसा झोपलेली फौज कामाची नसते. न धावलात तर एखादी हुलकावणी खरी निघते. सिकंदराने त्याला या दोन्हींमधून निवड करायला लावली आणि कुठलीही निवड फायद्याची नव्हती.

खरी जागा छावणीपासून नदीच्या वरच्या अंगाला होती. एरियन दीडशे स्टेडिया म्हणतो, म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटर. तिथे नदी वळण घेते, ऐलतीरावर झाडीने भरलेली टेकडीवजा जमीन पाण्यात पुढे आलेली आणि तिच्यासमोर पात्रात एक झाडीचं निर्मनुष्य बेट. जागेची निवड बघा: काठावरच्या झाडीत फौज लपते, होड्या जोडता येतात, आणि उतरताना बेटाच्या आडोशाने पलीकडच्या चौकीला काही दिसत नाही. ही नेमकी जागा आज कोणती यावर वाद आहे. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनने पाहणी करून जलालपूरच्या बाजूने मत दिलं, तर काही जण झेलम शहराकडे बोट दाखवतात. पंजाबातल्या नद्या पात्र बदलतात, त्यामुळे तेव्हाचं बेट आज शोधण्यात फार हशील नाही.

फौजेचे तीन भाग केले. क्रेटेरस मुख्य छावणीत, पोरससमोर, शेकोट्या पेटवून. त्याला दिलेला हुकूम नमुनेदार आहे: पोरस सगळे हत्ती घेऊन माझ्यावर आला तर लगेच उतर, काही हत्ती इथेच ठेवून गेला तर हलू नकोस, तो पळाला तर उतर. म्हणजे हुकूम हत्तींना बांधलेला, वेळेला नाही. दुसरा भाग छावणी आणि खऱ्या जागेच्या मध्ये, मेलिअगर, अटॅलस आणि गॉर्गियस यांच्या हाताखाली, लढाई पेटली की टप्प्याटप्प्याने उतरायला. छावणीत सिकंदरासारखा दिसणारा अटॅलस नावाचा माणूस राजवेषात फिरवला होता असं रोमन चरित्रकार कर्टियस सांगतो. कर्टियसला नाटकाची हौस आहे, तेव्हा ते थोडं मीठ लावूनच घ्यावं, पण प्रकार अशक्य नाही.

तिसरा भाग स्वतः सिकंदराचा: सुमारे पाच हजार स्वार, सहा हजारांच्या आसपास पायदळ. रात्रीच काठापासून आत, दृष्टीआड राहून वर गेले. कातडी आधीच तिथे पोहोचवली होती, त्यात भुसा-गवत भरून शिवणं त्या रात्री झालं. आणि त्याच रात्री वादळ आलं. विजा, गडगडाट, पाऊस. सिकंदराच्या लोकांना त्याचा त्रास झाला असणार, पण होड्या जोडताना होणारा ठोकाठोकीचा आवाज, हुकुमांची ओरड, घोड्यांचं खिंकाळणं, सगळं पावसात बुडालं. पहाटेच्या सुमारास पाऊस थांबला तेव्हा फौज होड्या आणि तराफ्यांत होती. तीस वल्ह्यांच्या एका होडीत सिकंदरासोबत टॉलेमी, पर्डिकस, लिसिमॅकस आणि सेल्युकस. यातले तिघे पुढे राजे झाले, आणि सेल्युकस वीसएक वर्षांनी याच मुलखात चंद्रगुप्ताशी तह करून पाचशे हत्ती घेऊन गेला.

टॉलेमीचं नाव लक्षात ठेवा. ग्रीकांनी पराभव दडवला असं म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा बरोबर आहे: आपल्याकडचा त्या काळचा एकही लेखी पुरावा सिकंदराचं नाव घेत नाही, आणि उपलब्ध चरित्रं नंतरची आहेत. एरियन साडेचारशे वर्षांनंतरचा. पण तो टॉलेमीच्या आठवणींवर आणि मोहिमेत सोबत असलेल्या ॲरिस्टोब्युलसच्या लिखाणावर विसंबतो. टॉलेमी पक्षपाती असेल, पण तो त्या होडीत होता. आणि तो पुढे जे सांगतो ते विजेत्याने बढाई मारायला सांगावं असं नाही. फौज बेटापलीकडे गेली, पहारेकऱ्यांनी पाहिलं आणि ते पोरसकडे धावले. सिकंदर उतरला, घोडदळ रांगेत लावलं, आणि कळलं की ही पैलतीराची जमीनच नव्हे. हे दुसरंच बेट होतं! मध्ये पाण्याची आणखी एक धार, रात्रीच्या पावसाने फुगलेली. उतार सापडेना. सापडला तेव्हा माणसांच्या छातीपर्यंत आणि घोड्यांच्या मानेपर्यंत पाणी.

मी रात्रीच्या वेळी नदीवर काम केलं आहे. पाहणी करताना पैलतीर समजून ज्याकडे बघतो ते वाळूचं खांड निघणं ही प्रत्येक सॅपरची धास्ती असते. रेकी अर्धवट झाली होती, बाकी काही नाही. इथे पोरसचा एखादा तगडा रिसाला असता तर सिकंदर त्या खांडावरच संपला असता. नव्हता, कारण पोरस सत्तावीस किलोमीटरवर होता आणि बातमी अजून वाटेत होती.

बातमी पोचल्यावर पोरसने मुलाला पाठवलं. टॉलेमीच्या मते दोन हजार स्वार आणि एकशे वीस रथ. ॲरिस्टोब्युलस साठ रथ म्हणतो. एवढी फौज उतरताना अडवायला पुरली असती, उतरून झाल्यावर पुरणार नव्हती. शिवाय रथ. कर्टियसच्या वर्णनात एका रथाला चार घोडे आणि सहा माणसं: दोन ढालकरी, दोन धनुर्धर, दोन सारथी. रात्रभर पावसाने भिजलेल्या नदीकाठच्या मातीत असा रथ घातला की पुढे काय होणार हे आपल्याकडे काळ्या मातीत भरलेली गाडी हाकलेल्या कोणालाही सांगायला नको. रथ रुतले, फिरवता येईनात. चारशेच्या आसपास स्वार पडले, पोरसचा मुलगाही पडला, रथ बहुतेक हाती लागले.

चिखलाने आणखी एक घात केला. भारतीय धनुष्य माणसाएवढं उंच, बाण तीन हात लांब. ते जमिनीवर टेकवून, डाव्या पायाने दाबून ओढायचं. ग्रीक लेखक म्हणतात की त्या बाणापुढे ढाल काय आणि चिलखत काय, काही टिकत नसे. पण त्याला पायाखाली घट्ट जमीन लागते. निसरड्या मातीत टेकू सरकतो, ओढ अर्धी राहते.

पोरसला आता निर्णय घ्यायचा होता. समोर क्रेटेरस उतरायच्या तयारीत, बाजूने सिकंदर येतोय. त्याने थोडे हत्ती आणि थोडी फौज छावणीवर ठेवली आणि बाकी सगळं घेऊन सिकंदराकडे वळला. चिखल टाळून वाळूची, सपाट, घट्ट जमीन निवडली. हे सेनापती म्हणून चोख आहे. समोर हत्तींची रांग, प्रत्येक दोन हत्तींत साधारण शंभर फुटांचं अंतर, मागे पायदळ, दोन्ही बगलांना घोडदळ आणि त्यांच्यापुढे रथ.

या लढाईचं तपशीलवार वर्णन ठिकठिकाणी मिळतं, म्हणून इथे थोडक्यात. सिकंदर हत्तींच्या रांगेवर गेलाच नाही. जवळजवळ सगळं घोडदळ घेऊन पोरसच्या डाव्या बगलेवर कोसळला. आधी हजार घोडेस्वार धनुर्धरांनी गोंधळ माजवला. मग तो स्वतः. कोएनसला आधीच वळसा घालायला पाठवलेलं होतं, तो भारतीय घोडदळाच्या पाठीवर आला. दोन बाजूंना तोंड करता करता घोडदळाची रांग मोडली आणि स्वार हत्तींच्या आडोशाला गेले. तेव्हा हत्ती पुढे घातले आणि काही काळ ग्रीक पायदळाची खरंच दाणादाण झाली. पण बिनघोडदळाचे हत्ती आणि त्यांच्यामध्ये दाटलेली आपलीच माणसं. भाले माहुतांवर गेले, कुऱ्हाडी पायांवर. जखमी आणि बिनमाहुताचे हत्ती आपले-परके ओळखेनासे झाले. शत्रूला मागे हटायला मोकळं मैदान होतं. पोरसच्या लोकांना नव्हतं. शेवटी हत्ती तुतारत, उलट्या पावली मागे सरायला लागले. तोवर क्रेटेरस ताज्या दमाची फौज घेऊन पैलतीरावर उतरला होता आणि पाठलाग त्याने केला.

तर हत्तींमुळे हरलो का? बगल सुरक्षित असती तर हेच हत्ती समोरून येणारं काहीही थोपवत होते. बगल उघडी पडली कारण घोडदळात सिकंदर वरचढ होता, आणि त्याचं ते घोडदळ पलीकडे पोहोचू शकलं ते रात्रीच्या उतरण्यामुळे. हत्तींनी लढाई लांबवली, असंही म्हणता येईल.

मराठी वाचकाला याचंच दुसरं उदाहरण माहीत आहे. ऑक्टोबर १७६०: भाऊसाहेबांची फौज कुंजपुऱ्याकडे गेलेली, यमुनेचं पाणी अजून उतरलेलं नव्हतं, आणि अब्दाली बागपतजवळ नदी ओलांडून मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. पुढच्या जानेवारीत पानिपतावर जे झालं, त्याची सुरुवात त्या काठावर आहे. भरलेली नदी ही भिंत आहे असं धरून चालणारा बचाव दोन्हीकडे सारखाच फसला.

आता पराभव दडवल्याचा मुद्दा. मृतांचे आकडे दडवले असतील, यात मला शंका नाही. एरियन सिकंदराच्या बाजूला तीनशेच्या आसपास मेले म्हणतो, डायोडोरस हजाराच्या जवळ जातो. पोरसच्या बाजूला एरियन वीस हजार पायदळ आणि तीन हजार स्वार सांगतो, तर डायोडोरस बारा हजार मृत आणि नऊ हजार कैदी. दोघांच्या आकड्यांत जो फरक आहे तोच सांगतो की हे आकडे छान गोल करून लिहिलेले आहेत. पण निकाल आकड्यांवर ठरत नाही. लढाईनंतर कोण कुठे गेलं ते बघा. सिकंदर परत पश्चिमेकडे गेला नाही. झेलमच्या काठावर दोन शहरांची पायाभरणी केली, निकाया आणि आपल्या घोड्याच्या नावाने बुकेफाला. मग पूर्वेला निघाला: चिनाब, मग रावी, मग संगला या तटबंद गावाच्या कठ लोकांशी लढाई. आणि त्या संगलाच्या वेढ्यात पाच हजार सैनिक आणि हत्ती घेऊन त्याच्या मदतीला कोण आला? पोरस. हरलेला सेनापती जिंकलेल्या राजाची कुमक घेऊन शत्रूच्या मुलखात आणखी दोन नद्या आत जात नाही.

"मग सिकंदर जिंकला होता तर पोरसला राज्य परत का दिलं?" हा प्रश्न नेहमी येतो. त्यात दिलदारीची गोष्ट आहेच. जखमी पोरस, त्याला समजवायला गेलेल्या आंभीवर त्याने उगारलेला भाला, आणि शेवटी राजाला राजासारखं वागवा हे उत्तर. पण हिशेबही आहे. सिकंदराला पुढे जायचं होतं. पाठीमागे या मुलखात स्वतःची माणसं ठेवून त्याला फौज पातळ करायची नव्हती. आंभी एका बाजूला, त्याचा जुना वैरी पोरस दुसऱ्या बाजूला, दोघेही आपले मांडलिक. एक जड झाला तर दुसरा आहे. पोरसला तर आधीपेक्षा मोठा मुलूख मिळाला, कारण पूर्वेकडचा प्रदेश कोणाला तरी द्यायचाच होता. सिकंदराच्या काळातलं एक चांदीचं नाणंही आहे, ब्रिटिश म्युझियममध्ये: घोडेस्वार हत्तीवरच्या दोघांवर भाला चालवतोय. ते प्रचाराचं नाणं आहे हे उघड आहे, पण पराभवाचं नाणं कोणी पाडत नाही.

राहिली बियास. तिथे फौजेने पुढे जायला नकार दिला आणि त्यांच्या वतीने बोलला तो कोएनस, ज्याने होड्या गाड्यांवर आणल्या आणि बगलेला वळसा घातला तोच. मगधाच्या नंदांकडे हजारो हत्ती आहेत या बातम्यांचा धसका होता यात शंका नाही. झेलमवर दोनशेंनीच काय केलं होतं ते त्यांनी पाहिलं होतं. पोरसच्या फौजेने शत्रूच्या मनावर जी छाप पाडली ती इथे उपयोगी आली असं कोणी म्हणालं तर मी विरोध करणार नाही. पण फक्त तेवढंच कारण नव्हतं. डायोडोरस सत्तर दिवस सतत पाऊस असल्याचं लिहितो. घर सोडून आठ वर्षं झालेली, घोड्यांचे खूर झिजलेले, शस्त्रं बोथट, ग्रीक कपडे केव्हाच फाटून अंगावर भारतीय कापड. आणि माझ्यासारख्याला दिसतं ते हे: चिनाबवर पुराच्या पाण्यात खडकांवर आदळून होड्या फुटल्या, माणसं बुडाली, कातड्यांवरून गेलेले मात्र सुखरूप उतरले. दर काही दिवसांनी नवी फुगलेली नदी, आणि पुढे गंगा आहे असं ऐकू येतंय. ज्या फौजेने ऑक्सस पाच दिवसांत ओलांडली तिला आता पाण्याचाच वीट आला असेल तर नवल नाही.

सिकंदराने काठावर बारा मोठ्या वेद्या बांधल्या आणि वळला. परतीची वाटसुद्धा सिंधूवरून पश्चिमेला, आलेल्या रस्त्याने नव्हती. झेलमवर परत येऊन त्याने मोठा काफिला बांधला, एरियन टॉलेमीच्या हवाल्याने सगळी जहाजं-होड्या मिळून दोन हजारांच्या जवळ सांगतो, आणि इ.स.पू. ३२६ च्या नोव्हेंबरच्या सुमारास नदीतून दक्षिणेला निघाला. वाटेत मालवांशी लढताना तटावरून एकटा आत उडी मारून छातीत बाण घेतला आणि मरता मरता वाचला. भारतात तो मृत्यूच्या सगळ्यात जवळ गेला तो तिथे, झेलमवर नाही. मालवांच्या त्या लढ्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. पोरसच्या निम्म्याने तरी लिहिलं जायला हवं होतं.

पोरस सिकंदरानंतरही आपल्या मुलखावर राहिला. इ.स.पू. ३२३ मध्ये सिकंदर बॅबिलोनला मेला, त्यानंतर काही वर्षांत युडेमस नावाच्या मॅसेडोनियन अधिकाऱ्याने पोरसला दग्याने मारलं आणि त्याचे एकशे वीस हत्ती घेऊन तो पश्चिमेला, सिकंदराच्या सेनापतींच्या आपसातल्या युद्धात उतरायला गेला.